ताटात न दिसणारे सोयाबीन

सोयाबीनच्या वड्यांची भाजी ज्या घरात कुणालाच आवडत नाही, त्या घरातही बहुधा रोज सोयाबीन येते. ते सकाळच्या पावात असू शकते, चहाबरोबरच्या बिस्किटात असू शकते. मुलांच्या चॉकलेटमध्ये, तयार सूपच्या पाकिटात, ‘मल्टिग्रेन’ म्हणून चार पैसे जास्त देऊन आणलेल्या पिठात, व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाच्या प्रोटीन पावडरमध्येही ते सापडते. आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या गाडीवरून येणाऱ्या मंचुरियनमध्ये तर ते हमखास असते. ताटात सोयाबीनचा एकही दाणा दिसत नाही, तरी ते पोटात जाते.

बहुसंख्य लोकांचे यामुळे काहीच बिघडत नाही. उलट, स्वस्त आणि उत्तम दर्जाची प्रथिने देणारे हे कडधान्य आहे. पण मोजक्या लोकांसाठी हेच प्रथिन त्रासाचे, क्वचित जिवावर बेतणारे ठरते. अंडे किंवा मासा टाळायचा तर तो बहुतेक वेळा दिसतो, ओळखू येतो. सोयाबीन मात्र पीठ होऊन, भुकटी होऊन, गोंद होऊन, सॉस होऊन इतक्या पदार्थांत मिसळते की, ते टाळायचे ठरवले तरी नेमके काय टाळायचे, हाच पहिला प्रश्न पडतो.

स्वीडनमधील चार मृत्यू

सोयाबीनची अ‍ॅलर्जी सौम्य असते, असे वैद्यकशास्त्रात बराच काळ मानले जात होते. या समजाला मोठा धक्का बसला तो स्वीडनमध्ये. सोयाबीनच्या तीव्र अ‍ॅलर्जीने तिथे एक मृत्यू झाला. त्यानंतर, १९९३ पासून, अन्नामुळे देशात होणाऱ्या सर्व गंभीर आणि जीवघेण्या प्रतिक्रियांची नोंद घेण्याचे ठरले. १९९६ पर्यंत अशा ६१ घटना नोंदवल्या गेल्या. त्यातल्या ४५ घटनांमागे शेंगदाणा, सोयाबीन आणि बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे होती. १९९२ ते १९९६ या काळात सोयाबीनमुळे झालेले चार मृत्यू संशोधकांना आढळले. शेंगदाण्यामुळे झालेल्या मृत्यूंची संख्या होती दोन.

हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या दोन गोष्टी आजही महत्त्वाच्या आहेत. दगावलेले चौघेही तरुण वयाचे होते. चौघांनाही शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती आणि त्यांना दम्याचा झटका आला होता, पण सोयाबीनचीही अ‍ॅलर्जी आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. ते शेंगदाणा जपून टाळत होते. सोयाबीन टाळण्याचे त्यांना कारणच नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. बहुतेक घटनांत सुरुवातीला किरकोळ लक्षणे दिसली आणि ती ओसरल्यासारखी वाटली. त्यानंतर अर्धा ते दीड तास फारसे काही झाले नाही आणि मग दम्याचा जोरदार झटका येऊन प्रकृती झपाट्याने ढासळली. ‘आता बरे वाटतेय’ असे रुग्ण म्हणत होता, तोच काळ खरा धोक्याचा होता.

अ‍ॅलर्जी कशाला म्हणायचे?

सोयाबीन खाल्ल्यावर पोट जड होणे, गॅस होणे ही सर्वसाधारण तक्रार आहे. सोयाबीनमध्ये सहज न पचणाऱ्या काही शर्करा असतात आणि आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. हा त्रास कडधान्य कोणतेही असले तरी कमी-अधिक होतो. त्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत.

अ‍ॅलर्जीत शरीराच्या संरक्षण यंत्रणेची गल्लत झालेली असते. सोयाबीनमधले एखादे प्रथिन तिला शत्रू वाटते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेले की ही प्रतिपिंडे काही पेशींना इशारा देतात आणि त्या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. मग अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, खाज सुटते, ओठ व पापण्या सुजतात. उलट्या, पोटात कळा, खोकला, छातीत घरघर हेही होऊ शकते. हे सारे खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत सुरू होते. त्वचा, श्वास, पोट, रक्ताभिसरण यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी एकदम लक्षणे दिसू लागली, धाप लागली, रक्तदाब उतरून चक्कर आली, तर ती ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणजे तीव्र, जीवघेणी प्रतिक्रिया असते.

लहान बाळांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. त्यात आयजीईचा संबंध नसतो. सोयाबीनचा अंश पोटात गेल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन:पुन्हा उलट्या करते, निस्तेज पडते, पुढे जुलाब होतात. अंगावर पुरळ नसल्याने हा पोटाचा संसर्गच समजला जातो आणि खरे कारण हाती लागायला वेळ जातो.

सोयाबीनच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण मुळात कमी आहे. अमेरिकेत सुमारे ०.४ टक्के बालकांना ती असते, असा अंदाज आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सोयाबीनची अ‍ॅलर्जी असलेल्या १३३ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या सुमारे ४५ टक्के मुलांची अ‍ॅलर्जी सहाव्या वर्षापर्यंत आणि ६९ टक्के मुलांची दहाव्या वर्षापर्यंत गेली. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी बहुधा जन्मभर साथ करते. त्या मानाने सोयाबीनचे हे चित्र आशादायक म्हणावे लागेल. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने तर २०२१ च्या सुमारास जगभर लागू होणाऱ्या प्राधान्य यादीत सोयाबीन ठेवण्याची गरज नाही, ज्या देशांत ते महत्त्वाचे वाटते त्यांनी ते आपल्या यादीत ठेवावे, अशी शिफारस केली.

मग काळजी कशाची? काळजी आहे ती ज्यांना ही अ‍ॅलर्जी खरोखर आहे त्यांची. त्यांच्यापुरते प्रमाण शंभर टक्के असते आणि त्यांच्या सुरक्षिततेचा सारा भार एका गोष्टीवर असतो. समोरच्या पदार्थात सोयाबीन आहे की नाही, हे त्यांना कळायला हवे.

शेतातून कारखान्यात

सोयाबीन मूळचे चीनचे. उत्तराखंडच्या डोंगराळ भागात काळे सोयाबीन ‘भट’ या नावाने पूर्वापार खाल्ले जाते. पण भारतात त्याचे मोठे पीक उभे राहिले ते १९६० च्या दशकानंतर. पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने त्याचे प्रयोग केले. आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही सोयाबीन पिकवणारी देशातली दोन आघाडीची राज्ये आहेत. मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी सोयाबीन हे खरिपाचे नगदी पीक आहे आणि त्याचा भाव हा घराघरातल्या चर्चेचा विषय असतो.

पण जिथे ते पिकते तिथेही ते फारसे दाण्याच्या रूपात खाल्ले जात नाही. ते बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यात जाते. दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिने असतात. तेल काढल्यावर उरते ती पेंड. तिचा मोठा भाग जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. खाण्यायोग्य प्रतीच्या पेंडीपासून सोयापीठ, वड्या आणि प्रथिनांच्या भुकट्या बनतात. तेल शुद्ध करताना निघणारा चिकट गोंदही वाया जात नाही. त्यापासून लेसिथिन मिळते.

अन्न कारखान्यांना हे घटक आवडतात, याची कारणे साधी आहेत. सोयापीठ पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाव मऊ राहतो. सोया प्रथिन चरबी आणि पाणी एकत्र बांधते, म्हणून सॉसेज आणि नगेट्सचा आकार टिकतो. लेसिथिनमुळे चॉकलेट गुळगुळीत होते, साच्यात नीट ओतता येते. आणि दुधाच्या किंवा अंड्याच्या प्रथिनापेक्षा हे सारे स्वस्त पडते. ज्या गुणांमुळे सोयाबीन इतके उपयोगी ठरले, त्याच गुणांमुळे ते नजरेआड गेले.

पाकिटावरची टोपणनावे

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत, कोणत्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची वेगळी सूचना पाकिटावर द्यायची, याची यादी आहे. ग्लूटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा तिच्यात समावेश आहे. यातले काही पदार्थात असेल तर ‘कंटेन्स’ या शब्दापुढे त्याचे नाव छापावे लागते. घटक म्हणून घातलेले नसले, तरी त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या मालामुळे अंश मिसळण्याची शक्यता असेल, तर ‘मे कंटेन’ अशी सूचना देता येते. सोयाबीनची अ‍ॅलर्जी असलेल्याने पाकीट उलटून घटकांच्या यादीखालची ही ओळ आधी शोधावी.

पण जुनी पाकिटे, परदेशातून कुणी आणलेला खाऊ किंवा घाईत छापलेली लेबले यांत ही ओळ सापडेलच असे नाही. तिथे घटकांची यादीच वाचावी लागते आणि सोयाबीन तिथे अनेक नावांनी वावरते. ‘सोया प्रोटीन आयसोलेट’ आणि ‘सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट’ यांत निदान ‘सोया’ हा शब्द आहे. ‘टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ म्हणजे बहुधा सोयाबीनच्या वड्यांचाच प्रकार. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ हा सूप, नूडल्सचा मसाला, चिप्स यांत चवीसाठी वापरला जाणारा घटक सोयाबीन, मका किंवा गव्हापासून बनलेला असू शकतो. तोफू, मिसो, टेम्पे, नाट्टो, एडामामे ही आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि हॉटेलांत दिसणारी नावे. ती सगळी सोयाबीनचीच रूपे आहेत.

इथे दोन घटकांबाबत मात्र उगाच घाबरू नये. पहिला म्हणजे रिफाइंड सोयाबीन तेल. अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनामुळे आणि तेल शुद्ध करण्याच्या प्रक्रियेत प्रथिन जवळजवळ सगळे निघून जाते. सोयाबीनची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तींना असे तेल देऊन अमेरिकेत पाहण्यात आले आणि त्यांना त्रास झाला नाही, हे १९८५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. भारतातल्या नियमांतही तेलांना या सूचनेतून सूट आहे. घाण्यावरच्या किंवा न शुद्ध केलेल्या तेलाची गोष्ट वेगळी. त्यात प्रथिनाचे अंश राहू शकतात.

दुसरा घटक लेसिथिन. पाकिटावर ते ‘इमल्सिफायर ३२२’ अशा आकड्यातही असते. लेसिथिन सूर्यफुलापासूनही मिळते, त्यामुळे ३२२ म्हणजे सोयाबीनच असे नाही. सोयाबीनचे असले तरी त्यात प्रथिनाचा अंश अत्यल्प असतो आणि पदार्थातले त्याचे प्रमाणही थोडे असते. त्यामुळे सोयाबीनची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालते. ज्यांना पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली आहे, त्यांनी मात्र ते चालवून घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

जिथे लेबलच नसते

नियम आहेत ते पाकिटांसाठी. आपल्याकडचे बरेचसे खाणे मात्र पाकिटाबाहेरचे असते. बेकरीतून कागदात गुंडाळून आणलेला पाव, वजनावर घेतलेले फरसाण, डब्यात भरून आणलेली नानकटाई यांच्यावर घटकांची यादी नसते. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल साखळ्यांनी मेन्यूत अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी, असा नियम आहे. गल्लीतले हॉटेल, गाडी, खानावळ आणि लग्नाची पंगत त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

चायनीजच्या गाडीवर सोया सॉस सगळीकडे पोचतो. शेजवान राइसमध्ये तो नको म्हणून सांगितले, तरी कढई तीच असते आणि डावही तोच. सोया सॉस आंबवून केलेला असल्याने त्यातले काही प्रथिन मोडते, पण सगळे नाही. आणि पारंपरिक सोया सॉसमध्ये गहूही असतो. उत्तरेकडून आलेले ‘सोया चाप’ हे नावातच सांगते, म्हणून सोपे. अडचण होते ती खिम्यात, कटलेटमध्ये, कबाबमध्ये भर म्हणून घातलेल्या वड्यांच्या चुऱ्याची. शाकाहारी पदार्थाला मांसाची चव यावी किंवा मांसाहारी पदार्थ स्वस्तात वाढावा म्हणून तो घातला जातो, पण तो आहे असे कुणी आपण होऊन सांगत नाही.

आणखी एक जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे पिठाची गिरणी. पोळ्यांत प्रथिने वाढावीत म्हणून दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन घालून दळण्याचा सल्ला गेली अनेक वर्षे दिला जातो आणि बऱ्याच घरांत तो पाळलाही जातो. सल्ला चांगलाच आहे. पण गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे असे दळण झाले असेल, तर जात्यात उरलेले थोडे पीठ पुढच्याच्या डब्यात येते. ज्या घरात सोयाबीनची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले मूल आहे, त्या घराने गिरणीवाल्याला हे सांगून ठेवणे, दळण सकाळी सर्वांत आधी देणे किंवा घरगुती चक्की वापरणे श्रेयस्कर.

औषध आणि संशयित

बाळांच्या बाबतीत सोयाबीनची कहाणी थोडी उफराटी आहे. गाईचे दूध न सोसणाऱ्या बाळांसाठी सोयाबीनचा आहार १९२९ मध्ये अमेरिकेत सुचवला गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३४ मध्ये, अमेरिकी डॉक्टर डब्ल्यू. डब्ल्यू. ड्यूक यांनी सोयाबीनच्या गिरणीतल्या धुळीने त्रास होणाऱ्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. एका अ‍ॅलर्जीवरचा उतारा म्हणून आलेला पदार्थ लवकरच दुसऱ्या अ‍ॅलर्जीचा संशयित ठरला.

आजही दुधाची अ‍ॅलर्जी कळली की अनेक घरांत दुकानातून परस्पर सोयाबीनची दूध भुकटी आणली जाते. पण गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांपैकी साधारण १० ते १४ टक्के बाळांना सोयाबीनचाही त्रास होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. सहा महिन्यांखालील बाळाला अशा अ‍ॅलर्जीवर पहिला पर्याय म्हणून सोयाबीनची भुकटी देऊ नये, असे युरोपातील बालपोषणतज्ज्ञ सांगतात. आईचे दूध चालू ठेवणे आणि गरज पडलीच तर बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली विशेष भुकटी देणे, हा अधिक सुरक्षित मार्ग.

मोठ्यांमध्ये आणखी एक अनपेक्षित वाट आढळली आहे. मध्य आणि उत्तर युरोपात बर्च झाडाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी फार मोठ्या प्रमाणावर आहे. हे झाड आपल्याकडच्या हिमालयातल्या, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जात, त्या भूर्जवृक्षाच्या गोतावळ्यातले. बर्चच्या परागातल्या एका प्रथिनासारखेच प्रथिन सोयाबीनमध्येही असते. त्यामुळे परागकणांनी शिंका येणाऱ्या काहींना सोया प्रथिनाचे पेय पहिल्यांदा घेताच तोंडाला व घशाला सूज आली, काहींना तीव्र प्रतिक्रिया आली, असे जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये नोंदवले. यातले प्रथिन उष्णतेने बरेचसे निकामी होते. म्हणून चांगल्या शिजलेल्या सोयाबीनने काही न होणारा माणूस, ग्लासभर प्रोटीन शेक घटाघट प्यायल्यावर मात्र अडचणीत येऊ शकतो. व्यायामाने अशी प्रतिक्रिया वाढू शकते आणि प्रोटीन शेक प्यायला जातो तो नेमका व्यायामाच्या आगेमागे.

बार्सिलोनाच्या हवेतले रहस्य

सोयाबीन किती बेमालूम लपते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र स्वयंपाकघरातले नाही, बंदरातले आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ पासून अधूनमधून विचित्र दिवस उगवू लागले. एरवी शांत असलेल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत अचानक दम्याच्या रुग्णांची रीघ लागे. काही तासांत अनेक जण अत्यवस्थ होऊन येत, काही दगावतही. दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत. काही वर्षांत अशी २६ उद्रेकांची नोंद झाली. हवेचे प्रदूषण, हवामान, परागकण असे सगळे तपासून झाले, कारण सापडेना.

होसे मारिया आंतो, होर्डी सुन्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग बंदराच्या नोंदी काढल्या. कोणत्या दिवशी कोणते जहाज आले आणि त्यातून काय उतरवले गेले, हे दम्याच्या दिवसांशी ताडून पाहिले. १९८५ आणि १९८६ मधल्या उद्रेकाच्या १३ ही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते. त्या प्रत्येक दिवशी वारा बंदराकडून शहराकडे मंद वाहत होता. शहराच्या हवेतून गोळा केलेल्या कणांत सोयाबीनच्या टरफलाच्या पेशी सापडल्या. पुढे ८६ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत सोयाबीनविरुद्धची प्रतिपिंडे आढळली; तुलनेसाठी घेतलेल्या इतर दम्याच्या रुग्णांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते. बंदरातल्या एका कोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. गाळण्या बसवल्यावर साथ थांबली.

या रुग्णांना बाधणारी प्रथिने मुख्यतः टरफलातली होती. खाण्याच्या अ‍ॅलर्जीतली प्रथिने बहुतांशी दाण्याच्या आतली असतात. म्हणून बार्सिलोनाची साथ ही अन्नाची अ‍ॅलर्जी नव्हे. पण सोयाबीनची मळणी होते त्या मराठवाडा-विदर्भाच्या रानात, बाजार समितीच्या ओट्यावर आणि तेलाच्या कारखान्यात ही धूळ उडतेच. ज्यांना दमा आहे आणि ऐन मळणीच्या दिवसांत ज्यांची धाप वाढते, त्यांनी हा योगायोग डॉक्टरांच्या कानावर घालावा आणि काम करताना नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क वापरावा.

आधी निदान, मग पथ्य

इतके वाचून घरातून सोयाबीन हद्दपार करायचे ठरवणे चूक ठरेल. संशय आणि निदान यांत मोठे अंतर असते. बंगळुरू-म्हैसूर भागात प्रौढांचा एक मोठा अभ्यास झाला. तपासलेल्या लोकांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे सापडली. पण खाल्ल्यावर खरोखर त्रास होऊन अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता होती ती एक टक्क्याच्या आसपास लोकांना. नुसती चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध झाली असे नसते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांची सोयाबीनची चाचणीही पॉझिटिव्ह येते, कारण दोन्ही एकाच कुळातली पिके आहेत. पण त्यातल्या बहुतेकांना सोयाबीन खाऊन काही होत नाही. तीच गोष्ट तूर, मूग, हरभऱ्याची. एका कडधान्याची अ‍ॅलर्जी म्हणजे सगळ्या डाळी बंद, असे नव्हे. शाकाहारी घरातल्या वाढत्या मुलाच्या ताटातून डाळी विनाकारण काढल्या, तर नुकसान त्या मुलाचेच होते.

म्हणून पहिले साधन साधे आहे: वही. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, त्या वेळी ताप, व्यायाम किंवा एखादे औषध होते का, हे लिहून ठेवावे. शक्य तर पाकिटाचा फोटो काढून ठेवावा. त्यावरून तज्ज्ञ त्वचेवरची किंवा रक्ताची आयजीई चाचणी सुचवतात. शंका उरलीच, तर रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन पाहतात. ही सर्वांत खात्रीची परीक्षा, पण ती घरी करून पाहण्याची नाही. शंभर-दोनशे पदार्थांची एकदम यादी देणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्यांना अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानात स्थान नाही. ही प्रतिपिंडे आपण एखादा पदार्थ खातो, एवढेच सांगतात. मुलांची चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करावी, कारण अ‍ॅलर्जी गेलेली असेल तर पथ्याचे ओझे उगाच वाहण्यात अर्थ नाही.

निदान पक्के झालेल्या कुटुंबाने मात्र तीव्र प्रतिक्रियेची तयारी ठेवायला हवी. अशा वेळी जीव वाचवणारे औषध एकच, ते म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन. अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी अंगावरच्या गांधी कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास मोकळा करत नाही. परदेशात रुग्ण स्वतःच टोचून घेऊ शकतील अशी अ‍ॅड्रेनलिनची तयार पेने सर्रास वापरली जातात. आपल्याकडे ती सहजी मिळत नाहीत. त्यामुळे जवळचे कोणते रुग्णालय चोवीस तास उघडे असते, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि तोवर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. धाप, घशात आवळल्यासारखे वाटणे, चक्कर, एकामागून एक उलट्या यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे करून पाय वर ठेवावेत; श्वास घेणे कठीण जात असेल तर बसू द्यावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. आणि मधेच बरे वाटले म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी परतू नये. स्वीडनमधले ते चार मृत्यू हेच सांगतात.

शाळेच्या डब्याचा प्रश्न उरतो. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांचा डबा खातात; तो शाळेचा आनंदच आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ‘कुणाचे काही खाऊ नकोस’ एवढेच सांगून भागत नाही. वर्गशिक्षकांना लेखी कळवणे, वाढदिवसाच्या चॉकलेटऐवजी त्याच्यासाठी वेगळा खाऊ दप्तरात ठेवणे आणि जवळच्या दोन मित्रांना खरे कारण सांगून ठेवणे जास्त उपयोगी पडते. लेबल वाचता येऊ लागलेल्या मुलाला ते वाचायला शिकवले, तर पथ्य त्याचे स्वतःचे होते.

दुकानदार, बेकरीवाला, आचारी यांनाही यात वाटा उचलता येईल. ‘यात सोयाबीन आहे का?’ या प्रश्नाला ‘नसेल बहुतेक’ हे उत्तर सगळ्यांत धोकादायक. ‘माहीत नाही’ हे त्याहून प्रामाणिक आणि ‘विचारून सांगतो’ हे सर्वांत चांगले. बहुसंख्यांना या उत्तराने काही फरक पडणार नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या आईला, पाकीट उलटेसुलटे करून बारीक अक्षरे वाचणाऱ्या एखाद्या तरुणाला, त्या एका वाक्यावरच काय घ्यायचे आणि काय ठेवून द्यायचे, हे ठरवायचे असते.